टाकी भरल्यावरच सुरू न होणारी गाडी

पहिल्यांदा हा प्रकार घडला तेव्हा मी तो योगायोग समजले. पेट्रोल भरून झाले, झाकण लावले, चावी फिरवली. स्टार्टर व्यवस्थित फिरत होता, पण इंजिन काही पेट घेईना. दुसऱ्या प्रयत्नात ते कसेबसे सुरू झाले, पाच-सात सेकंद थरथरले आणि बंद पडले. तिसऱ्या वेळी ॲक्सिलरेटर दाबून धरून सेल्फ मारला, तेव्हा ते धडपडत सुरू झाले, मागून पेट्रोलचा उग्र वास आला आणि अर्ध्या मिनिटात सारे पूर्ववत झाले. पुढचे दहा दिवस गाडी एकदाही अडली नाही. अकराव्या दिवशी मी पुन्हा टाकी भरली आणि पुन्हा अगदी तसेच झाले.

त्यानंतरचे दोन महिने उपाय शोधण्यात गेले. स्पार्क प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, इंधन पंपाचा दाब मोजून घेतला. तो ठरलेल्या मर्यादेत होता. यातले कोणतेही काम अगदीच अस्थानी होते असे मी म्हणणार नाही, कारण प्रत्येक वेळी एखादे तरी लक्षण त्या निदानाशी जुळत होते. गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा पी०१७१ हा कोड मिळाला. त्याचा अर्थ असा की मिश्रण विरळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. परंतु टाकी भरल्यावर जो वास येत होता तो न जळलेल्या पेट्रोलचा, म्हणजे नेमक्या उलट दोषाचा होता. एकच इंजिन एरवी उपाशी आणि पेट्रोल भरल्यावर अजीर्ण झाल्यासारखे का वागते, याचे उत्तर मला कोणाकडेच मिळेना.

शेवटी मी एक वही केली. गाडी प्रत्येक वेळी कधी सुरू केली, इंजिन थंड होते की गरम, टाकीत किती पेट्रोल होते, आधी किती वेळ गाडी उभी होती आणि सुरू व्हायला किती सेकंद लागले, हे सगळे सहा आठवडे लिहीत गेले. त्या नोंदींतून जे दिसले ते मला आधी दिसायला हवे होते. थोडेसे पेट्रोल भरले तर गाडी फारशी कुरकुर करत नसे. टाकी काठोकाठ भरली, तीही गरम इंजिन असताना, की ती हमखास अडत असे. आणखी एक गोष्ट नोंदींत आली होती: पेट्रोल भरताना पंपाचा नोझल अलीकडे वरचेवर मध्येच कट होत होता, आणि टाकी अर्धी रिकामी असतानाही भरायला फार वेळ लागत होता.

ही वही मी एका जुन्या, अनुभवी मेकॅनिककाकांना दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘ताई, नोझल कट झाल्यावर तुम्ही अजून पेट्रोल टाकायला सांगता का?’’ मी होय म्हणाले. पुढचा आकडा पूर्ण होईपर्यंत किंवा पेट्रोल गळ्याशी दिसेपर्यंत भरून घ्यायचे, ही माझी कित्येक वर्षांची सवय होती. काका म्हणाले, ‘‘मग इंजिन नंतर बघू. आधी टाकीची वाफ कुठून कुठे जाते ते बघू या.’’

तोपर्यंत टाकी म्हणजे पेट्रोल साठवण्याचे बंद भांडे, एवढीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात टाकी सतत श्वास घेत असते. पेट्रोल हा एकच एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे आणि त्याचे घटक साधारण ३५ अंश सेल्सिअसपासून २०० अंशांच्या पुढेपर्यंत वेगवेगळ्या तापमानांना उकळतात. त्यात विरघळलेला ब्युटेन तर शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप होतो. त्यामुळे गाडी नुसती उन्हात उभी असली तरी टाकीतली वाफ फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी असते. रात्री टाकी थंड होते, वाफ आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. इंजिन पेट्रोल ओढून घेते तेव्हाही रिकाम्या होणाऱ्या जागेत हवा यावीच लागते, नाहीतर टाकीत निर्वात तयार होऊन पंपावर ताण येतो. म्हणजे टाकीला श्वासमार्ग हवाच, आणि तो उघडा सोडला तर पेट्रोल हवेत उडून जाते.

जुन्या गाड्यांत तो उघडाच असे. झाकणाला भोक असायचे आणि वाफ सरळ हवेत जायची. १९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसवर दाटणाऱ्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचा अभ्यास करताना आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की हायड्रोकार्बनांची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. धुराड्यातून काहीही बाहेर पडत नसताना, नुसती उभी असलेली गाडीही या प्रदूषणात भर घालते, हे त्यातून उघड झाले. १९७०च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१पासून सबंध अमेरिकेत गाड्यांमध्ये ही वाफ अडवणारी यंत्रणा बंधनकारक झाली. आज युरोपीय मानकांत गाडी हवाबंद खोलीत उभी करून तिच्यातून किती वाफ सुटते हे मोजतात आणि त्या चाचणीची मर्यादा अवघी २ ग्रॅम आहे. एवढ्या मोठ्या टाकीतून इतकी कमी वाफ सुटू देण्याचे काम जो डबा करतो, त्याचे नावही मी तोवर ऐकलेले नव्हते.

तो डबा म्हणजे कॅनिस्टर. प्लॅस्टिकच्या या डब्यात सक्रिय कोळशाचे बारीक दाणे ठासून भरलेले असतात. हा कोळसा इतका सच्छिद्र असतो की त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ १००० चौरस मीटरच्याही वर जाते, म्हणजे टेनिसची जवळजवळ चार मैदाने चिमूटभर भुकटीत मावतात. टाकीच्या वरच्या भागातून निघणारी नळी या डब्यात येते. गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये आणि टाकी ठरावीक पातळीपर्यंत भरली की वाफेची वाट बंद व्हावी, म्हणून त्या नळीच्या तोंडाशी तरंगणाऱ्या झडपा असतात. वाफ कोळशातून जाताना तिच्यातले हायड्रोकार्बन दाण्यांच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात आणि जवळजवळ स्वच्छ हवा दुसऱ्या टोकाच्या व्हेंटमधून, म्हणजे बाहेरच्या हवेत उघडणाऱ्या तोंडातून, बाहेर पडते. टाकी श्वास घेते तेव्हा हाच प्रवास उलट दिशेने होतो.

पण कोळसा कितीही सच्छिद्र असला तरी कधीतरी तो भरणारच. तो रिकामा करण्यासाठी कॅनिस्टरपासून इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे थ्रॉटलमधून आलेली हवा सिलिंडरांत पोहोचवणाऱ्या भागापर्यंत, आणखी एक नळी जाते आणि तिच्यावर पर्ज व्हॉल्व्ह ही झडप बसवलेली असते. इंजिन चालू असताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो. पर्ज व्हॉल्व्ह उघडला की त्या निर्वाताच्या ओढीने व्हेंटमधून ताजी हवा कोळशातून खेचली जाते, दाण्यांना चिकटलेली वाफ तिच्याबरोबर सुटते आणि इंजिनात जाऊन जळते. म्हणजे आपण भरलेले सगळे पेट्रोल इंजिनात ते फवारणाऱ्या इंजेक्टरमधून जात नाही; त्याचा लहानसा हिस्सा या आडवाटेने इंजिनात पोहोचतो. ही यंत्रणा प्रदूषण रोखण्यासाठी जोडलेले एक बिनमहत्त्वाचे उपकरण आहे असा जो समज आहे, तो मला याच ठिकाणी सोडून द्यावा लागला. जी वाट इंजिनात इंधन नेते ती इंजिनाच्या चालण्याचाच भाग असते.

आणि ही वाट अवघड आहे, कारण तिच्यातून येणाऱ्या मिश्रणात पेट्रोल किती हे आधी कोणालाच माहीत नसते. कॅनिस्टर भरलेला असेल तर दाट वाफ येते आणि रिकामा असेल तर नुसती हवा. पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते, आणि हे प्रमाण राखण्याची जबाबदारी इंजिनाच्या कंट्रोल युनिटवर, म्हणजे ईसीयूवर असते. म्हणून ईसीयू इंजिन गरम होऊन, बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर काम करू लागेपर्यंत पर्ज व्हॉल्व्ह बंदच ठेवतो. नंतर तो झडपेची अतिशय वेगाने उघडमीट करत अगदी थोडी वाफ आत येऊ देतो, ऑक्सिजन सेन्सर काय सांगतो ते पाहतो, वाफ दाट असेल तर इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल तेवढे कमी करतो आणि मगच झडप आणखी उघडू देतो. डॉक्टर नव्या औषधाची मात्रा जशी थेंबाथेंबाने वाढवतात तसाच हा प्रकार आहे. सारे नीट चालले असेल तर चालवणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही.

काकांनी केलेली पहिली चाचणी इतकी साधी होती की तिला एकही यंत्र लागले नाही. थंड इंजिन सुरू करून त्यांनी पर्ज व्हॉल्व्हच्या कॅनिस्टरकडच्या बाजूची नळी काढली आणि मला म्हणाले, ‘‘इथे बोट ठेवा.’’ मी बोट ठेवले आणि ते झडपेच्या तोंडाने घट्ट ओढून धरले. थंड इंजिनात झडप बंद असायला हवी होती, म्हणजे बोटाला काहीही जाणवायला नको होते. त्यांनी व्हॉल्व्हचा विजेचा प्लग काढला, तरी ओढ तशीच राहिली. याचा अर्थ ईसीयू झडपेला उघडायला सांगत नव्हता, तर झडपच उघडी अडकली होती. बोटाने ते तोंड बंद ठेवले तेवढा वेळ आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, आरपीएमची सुई जागच्या जागी स्थिर राहिली आणि बोट काढताच ती पुन्हा थरथरू लागली. हे मी चार वेळा करून पाहिले. दोन महिन्यांचा गोंधळ एका बोटाच्या टोकाशी येऊन उलगडत होता, आणि तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो.

दोन विरुद्ध लक्षणे एकत्र कशी नांदत होती हेही तिथेच उलगडले. माझ्या गाडीत हवेचे माप घेणारा सेन्सर थ्रॉटलच्या अलीकडे आहे, तर पर्जची नळी थ्रॉटलच्या पलीकडे मॅनिफोल्डला मिळते. झडप कायम उघडी असल्यामुळे एरवी, कॅनिस्टर रिकामा असताना, न मोजलेली हवा सतत आत शिरत होती. ईसीयूच्या दृष्टीने मिश्रण विरळ होत होते आणि तो पी०१७१ हा कोड नोंदवत होता. आयडलिंगला इंजिन हवा कमी घेते, म्हणून तिथे या चोरट्या हवेचा वाटा मोठा असतो आणि इंजिन थरथरते. वेग वाढला की तोच वाटा नगण्य होतो. मी मोबाइलला जोडता येणारा छोटा स्कॅनर लावून फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो (अधिक) किंवा घटवतो (उणे) त्याचे, आकडे पाहिले तेव्हा आयडलिंगला ते अधिक १४ टक्क्यांच्या आसपास होते आणि २५०० आरपीएमला अधिक ३ टक्क्यांवर आले. गळती मॅनिफोल्डच्या आसपास आहे याची ही चांगली खूण आहे. इंजेक्टर किंवा पंप अशक्त असता तर वेग वाढल्यावर आकडा उलट वाढला असता.

टाकी भरताना मात्र चित्र पालटायचे. आत पडणारे पेट्रोल टाकीतल्या वाफेला बाहेर ढकलते आणि ती सगळी कॅनिस्टरवर येऊन आदळते. व्यवस्थित यंत्रणेत ती तिथेच थांबते आणि पुढे गाडी चालताना हळूहळू जळते. माझ्या गाडीत चावी फिरवताच स्टार्टरने निर्माण केलेल्या ओढीबरोबर ती दाट वाफ उघड्या झडपेतून सरळ मॅनिफोल्डमध्ये घुसत होती, त्यावर इंजेक्टर आपले नेहमीचे पेट्रोल सोडत होते, आणि मिश्रण इतके दाट होत होते की ठिणगीने ते पेटतच नव्हते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन सुरू होत होते ते यामुळेच. थ्रॉटल उघडल्यावर हवा वाढते. शिवाय पुष्कळ गाड्यांत पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर आणि फिरणारा स्टार्टर असा संकेत मिळाला की ईसीयू इंजेक्टर बंद करून इंजिनातले जादा पेट्रोल निघून जाऊ देतो.

व्हॉल्व्ह काढल्यावर काकांनी तो पांढऱ्या कागदावर आपटला. त्यातून काळे, चमकदार, बाजरीपेक्षाही बारीक कण पडले. बोटात चुरगळले तर ते काजळीसारखे पसरत नव्हते, वाळूसारखे टोचत होते. हा कॅनिस्टरमधला कोळसा होता. डब्यातून सुटलेले कण नळीतून वाहत येऊन झडपेच्या बैठकीवर अडकले होते आणि तिला पूर्ण मिटू देत नव्हते. नवा व्हॉल्व्ह बसवून थांबलो असतो तर थोड्याच दिवसांत त्याचीही तीच गत झाली असती. एवढे कण दिसल्यावर कॅनिस्टर न तपासता काम पुरे झाले असे मानणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीच्या मागच्या चाकाजवळून कॅनिस्टर खाली उतरवला तेव्हा तो नव्या डब्याच्या मानाने हाताला चांगलाच जड लागला. तिरपा केल्यावर त्याच्या टाकीकडच्या नळीतून पेट्रोलचे थेंब ठिबकू लागले. कोळशाने वाफ धरायची असते. द्रवरूप पेट्रोल त्यात शिरले की छिद्रे गच्च भरतात, नवी वाफ धरायला जागा उरत नाही आणि दाण्यांचा थर विस्कटतो. हे पेट्रोल तिथे गेले कसे, याचे उत्तर माझ्या सवयीत होते. टाकीत वाफेसाठी वरती थोडी जागा मोकळी राखलेली असते. नोझल कट होतो तो तेवढी जागा सोडूनच. त्यानंतर आपण जबरदस्तीने जे भरतो ते त्या मोकळ्या जागेत, आणि कधीकधी वाफेच्या नळीतही शिरते. मी अनेक वर्षे प्रत्येक वेळी थोडे थोडे पेट्रोल कोळशाला पाजत आले होते. भरताना नोझल वरचेवर कट होण्याचे कारणही हेच होते: भिजून चोंदलेल्या कॅनिस्टरमधून टाकीतली हवा बाहेर पडायला वेळ लागत होता, आत दाब तुंबत होता आणि पेट्रोल गळ्यात वर चढून नोझलच्या टोकाचे छिद्र झाकत होते. वहीतल्या ज्या नोंदीला मी पंपाचा दोष समजत होते ती माझ्याच गाडीची तक्रार होती.

कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह दोन्ही बदलले, मधली नळी हवेच्या झोताने साफ केली, ईसीयूने साठवलेल्या जुन्या दुरुस्त्या पुसल्या. त्या दिवशी मी टाकी भरली, नोझल कट होताच थांबले, चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झाले.

प्रकरण इथेच संपले असते तर हे लिहिण्याइतके काही उरले नसते. तीन आठवड्यांनी चेक इंजिनचा दिवा लागला. या वेळचा कोड पी०४५६ होता, म्हणजे बाष्प-यंत्रणेत अतिसूक्ष्म गळती. गाडी उत्तम चालत होती, वास नव्हता, कोणतीही तक्रार नव्हती. अशा वेळी दिव्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो, आणि मला तसे सुचवणारेही भेटले. पण यंत्रणा आपली गळती स्वतःच कशी शोधते हे समजून घेतल्यावर त्या दिव्याबद्दल मला आदर वाटू लागला. ईसीयू व्हेंटची झडप बंद करतो, पर्ज व्हॉल्व्हमधून टाकीत किंचित निर्वात तयार करतो, मग तोही बंद करतो आणि टाकीवरचा दाबाचा सेन्सर पाहत राहतो. निर्वात टिकला तर यंत्रणा हवाबंद आहे; हळूहळू विरला तर कुठेतरी छिद्र आहे. काही गाड्या हीच परीक्षा गाडी उभी असताना टाकी थंड होण्यातून आपोआप निर्माण होणाऱ्या निर्वातावर घेतात, काही गाड्यांत त्यासाठी वेगळा छोटा पंप असतो. अमेरिकी नियमांनुसार आधी १ मिलिमीटरचे आणि पुढे अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र ओळखता येणे आवश्यक ठरले. अर्धा मिलिमीटर म्हणजे साध्या टाचणीच्या जाडीपेक्षाही कमी.

झाकणाचा रबर वॉशर हा या कोडमधला पहिला संशयित असतो. तो पुसून पाहिला, झाकण टिक-टिक आवाज येईपर्यंत फिरवून लावले, तरी आठवड्याने दिवा परत आला. मग स्मोक टेस्ट करायचे ठरले. या चाचणीत यंत्रातून तयार केलेला दाट पांढरा धूर अत्यंत कमी दाबाने, पाण्याच्या सुमारे ३० ते ३५ सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाइतक्या दाबाने, यंत्रणेत सोडतात. दाब याहून फार वाढवला तर चाचणीच नवे छिद्र पाडू शकते. पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळणे धोक्याचे असल्यामुळे धुराबरोबर नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू सोडणे अधिक सुरक्षित. घरगुती उपायांनी, तोंडाने फुंकून किंवा टायरचा पंप लावून, हे करण्याच्या फंदात कोणीही पडू नये. व्हेंटची झडप एरवी उघडी असते, म्हणून ती स्कॅनरवरून आज्ञा देऊन बंद करावी लागते. ते विसरले तर धूर व्हेंटमधूनच भसाभसा निघतो आणि निदान भलतीकडे जाते.

धूर सोडल्यावर पहिली दहा मिनिटे काहीच दिसले नाही. काकांनी दिवे मालवायला लावले आणि गाडीखाली टॉर्च तिरपा धरला. टाकीच्या वर, जिथे वाफेची रबरी नळी काटकोनात वळते, तिथे उदबत्तीच्या धुरासारखी एक बारीक रेघ वर जात होती. नळी सरळ धरली की रेघ नाहीशी व्हायची आणि वळवली की परत दिसायची. वळणाच्या बाहेरच्या बाजूला रबराला नखाएवढी चीर गेली होती आणि ती एरवी मिटलेली असायची. कॅनिस्टर काढताना ही जुनी नळी वाकवावी लागली होती. तिथेच वाळलेले रबर उकलले असावे. काकांनी स्वतःच ही शक्यता बोलून दाखवली आणि नळीबरोबर तिचे दोन्ही क्लॅम्पही बदलले. वाळलेल्या रबरी नळ्या कॅनिस्टरबरोबरच बदलून घ्याव्यात, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते.

यानंतर एक अडचण उरली आणि ती पूर्णपणे माझ्यामुळे होती. कोड पुसल्यावर ईसीयूची आत्मपरीक्षेची नोंदही पुसली जाते आणि ती परीक्षा पुन्हा पार पडेपर्यंत यंत्रणा बरी झाली असे खात्रीने म्हणता येत नाही. स्कॅनरवर इतर सगळ्या परीक्षा दोन-तीन दिवसांत पूर्ण दिसू लागल्या; बाष्प-यंत्रणेची मात्र नऊ दिवस झाले तरी अपूर्णच राहिली. मी धास्तावले, काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘टाकी किती भरलेली असते तुमची?’’ ती नेहमी भरलेलीच असायची. ही परीक्षा सर्वसाधारणपणे टाकी १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान भरलेली असतानाच होते, कारण फार भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते आणि फार रिकाम्या टाकीत ती इतकी असते की मापन बिघडते. शिवाय गाडी पुरेसे तास उभी राहून इंजिनाचे तापमान बाहेरच्या हवेच्या जवळ आलेले लागते, आणि नंतर गाडी काही काळ एकसारख्या वेगाने चालावी लागते. काटा जरासा खाली आला की मी पेट्रोल भरायला निघत होते आणि परीक्षेला बसायची संधीच देत नव्हते.

या सगळ्या काळात मला एक सल्ला तीन वेगवेगळ्या लोकांकडून मिळाला: कॅनिस्टर काढून टाका, पर्जच्या नळीला बूच मारा, पिकअप वाढेल. तो सल्ला चुकीचा का आहे हे सांगितलेच पाहिजे. धडधाकट यंत्रणा इंजिनाची ताकद कमी करत नाही, कारण तिच्यातून येणाऱ्या वाफेइतके पेट्रोल ईसीयू इंजेक्टरमधून कमी करतो. जी वाफ एरवी हवेत गेली असती ती उलट कामी येते. बूच मारल्याने फक्त बिघडलेल्या झडपेचे लक्षण झाकले जाते, म्हणून गाडी सुधारल्यासारखी वाटते. कॅनिस्टर मात्र कधीच रिकामा होत नाही आणि काही दिवसांत भरलेल्या कोळशातून वाफ व्हेंटवाटे बाहेर पडू लागते. बंद गॅरेजमध्ये उभ्या गाडीखाली अशी वाफ साचणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. आणि व्हेंटच बंद केला तर टाकीत निर्वात वाढून पंपावर ताण येतो. हवा दाबून भरणाऱ्या टर्बो इंजिनात तर जोर लावताना मॅनिफोल्डमध्ये निर्वाताऐवजी दाब असतो, म्हणून तिथे पर्जसाठी एकमार्गी झडपा आणि टर्बोच्या अलीकडे जाणारी वेगळी वाट केलेली असते; हायब्रिड गाड्यांत इंजिन तासन्‌तास बंद राहते, म्हणून काहींची टाकी दाब सहन करणारी बंदिस्त असते आणि पेट्रोल भरण्याआधी बटण दाबून तो दाब सोडावा लागतो. इतका विचार करून जुळवलेल्या यंत्रणेला बूच मारणे हा इलाज होऊ शकत नाही.

काकांच्या सांगण्यावरून मी पेट्रोल भरणे थांबवले आणि काटा अर्ध्यावर येऊ दिला. गाडी रात्रभर उभी ठेवली, पहाटे थंड इंजिन सुरू केले, ॲक्सिलरेटर न दाबता आयडलिंगला गरम होऊ दिले आणि मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एकाच वेगाने चालवले. परतल्यावर स्कॅनर लावला. बाष्प-यंत्रणेसमोर ‘पूर्ण’ असे दिसत होते आणि कोडच्या यादीत एकही नोंद नव्हती. आयडलिंगचा फ्युएल ट्रिम अधिक २ टक्क्यांवर होता. दोन दिवसांनी काटा चौथाईवर आल्यावर मी टाकी भरायला गेले. नोझल एकदाच, टाकी भरल्यावर कट झाला. तो उचलून जागेवर ठेवायला सांगितले, झाकण लावले आणि चावी फिरवली. इंजिन लगेच सुरू झाले. रस्त्याला लागल्यावर काही मिनिटांनी ट्रिम उणे ६ पर्यंत खाली गेला, म्हणजे कोळशाने धरलेली वाफ आता इंजिनात येत होती आणि ईसीयू तेवढे पेट्रोल कमी करत होता. घरी पोहोचेपर्यंत आकडा शून्याजवळ स्थिरावला होता.